आधीं निदान, मग औषध

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेच्या आवारांत हिरव्या जाळीचें एक लहानसें छायागृह उभें राहिलें. लोक त्यास ‘शेडनेट’ म्हणतात. आठवीच्या वर्गानें त्यांत टोमॅटोचीं रोपें लावण्याचें ठरविलें. कुंड्या विकत घेण्यास पैसे नव्हते. म्हणून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांतून गोड्या तेलाचे चोवीस रिकामे डबे आणविले, त्यांचीं तोंडें कापून घेतलीं, आंत काळी माती व शेणखत भरलें आणि प्रत्येक डब्यांत दोन दोन रोपें लावलीं. देखरेखीचें काम मजकडे आलें. मी शास्त्रविषयाचा शिक्षक असलों, तरी बागकामांत त्या दिवसापर्यंत नवशिकाच होतों. हें प्रथमच कबूल करून टाकतों, म्हणजे पुढील हकीगत वाचून कोणास आश्चर्य वाटणार नाहीं.

दोन आठवडे सर्व ठीक चाललें. तिसऱ्या आठवड्यांत रोपांनीं माना टाकल्या. ‘झाड सुकलें कीं पाणी घालावें’ हें ज्ञान आपणां सर्वांस लहानपणापासून असतेंच. त्याप्रमाणें मुलांनीं सकाळसंध्याकाळ झारीनें पाणी घालण्यास प्रारंभ केला. रोपें अधिकच मलूल झालीं व खालचीं पानें पिवळीं पडूं लागलीं. तेव्हां कोणी म्हणालें, खत कमी पडलें असेल. म्हणून प्रत्येक डब्यांत चमचाभर युरिया पडला. कोणी म्हणालें, कीड लागली असेल; तेव्हां एका विद्यार्थ्यानें घरून कसलेंसें औषध आणलें व तें बाटलीवरील एक अक्षरही न वाचतां फवारण्यांत आलें. मीं तें होऊं दिलें, याची मला आज लाज वाटते. पुढील दहा दिवसांत चोवीसपैकीं एकवीस डब्यांतील रोपें मेलीं.

तीन डब्यांतील रोपें मात्र जोमानें वाढत होतीं. मुलांनीं त्यांस ‘नशिबाचे डबे’ असें नांव दिलें आणि मीही हंसून तें मान्य केलें. वर्गांतील एका मुलीस मात्र तें पटलें नसावें. तिनें नशिबाचा एक डबा उचलून पाहिला, मग मेलेल्या रोपांचा एक डबा उचलून पाहिला, आणि मला हांक मारली. “सर, ह्या डब्याचं बूड गंजून फुटलंय. खालून पाणी जातंय. बाकीच्या डब्यांना भोकंच नाहीत!”

आम्हीं एक डबा उपडा केला. आंतून गटारासारखी दुर्गंधि आली. मुळ्या तपकिरी व बुळबुळीत झाल्या होत्या. बोटानें ओढतांच त्यांची साल सुटून येई. मुळांसही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवेऐवजीं सतत पाणी राहिलें, तर मुळें गुदमरतात, कुजतात व त्यांस पाणी शोषून घेतां येत नाहीं. म्हणून चिखलांत उभें असलेलें झाडही तहानेल्या झाडाप्रमाणेंच मान टाकतें. आम्ही त्या रोपांस बुडवून मारीत होतों, आणि तीं बुडत असल्याची प्रत्येक खूण दिसतांच आणखी पाणी ओतीत होतों.

या एका प्रसंगावरून माझें एक मत बनलें आणि पुढील वर्षभराच्या अनुभवानें तें दृढ झालें. नवशिक्याच्या हातचीं जितकीं झाडें रोगानें मरतात, त्यांहून अधिक झाडें घाईघाईच्या उपचारांनीं मरतात. यास्तव शाळेच्या बागेंत मुलांस उपचार शिकविण्यापूर्वीं निदान शिकविलें पाहिजे. किंबहुना निदान करतां येऊं लागेपर्यंत औषधाची बाटली बागेच्या फाटकाच्या आंत येऊंच देऊं नये. हें मत कांहींस अतिरेकाचें वाटेल. म्हणून त्याचीं कारणें सविस्तर मांडतों.

निदानाचा पहिला प्रश्न असा कीं, झाड खरोखर आजारी आहे काय? हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण नवशिके लोक तो विसरतात. आमच्या फाटकाजवळ चाफ्याचें झाड आहे. हिंवाळ्यांत त्याचीं पानें गळून नुसत्या बोडक्या फांद्या उरतात. नवीन दाखल झालेल्या एका मुलानें तें मेलें असें समजून त्याच्या बुडाशीं खताची अर्धी पिशवी ओतली होती. चाफ्याचा तो विश्रांतीचा काळ असतो. पुढें तो आपोआप पालवतो. भोपळ्याचीं मोठीं पानें भर दुपारीं लोंबतात आणि ऊन उतरतांच पुन्हां ताठ होतात. तेंही दुखणें नव्हे. झाडाचें अगदीं खालचें जुनें पान पिवळें होऊन गळणें हा पुष्कळदां वयाचाच धर्म असतो. दुपारीं सुकलेलें झाड संध्याकाळीं पाहावें आणि संध्याकाळीं सुकलेलें झाड सकाळीं पाहावें. सकाळींही तें मान टाकूनच असेल, तर मग काळजी करावी.

दुसरा प्रश्न असा कीं, दुखणें किती झाडांस व कोणकोणत्या जातींच्या झाडांस झालें आहे? टोमॅटो, वांगें, झेंडू, गुलाब अशा परस्परांशीं फारसा संबंध नसलेल्या झाडांवर एकाच दिवशीं सारखेच डाग उमटले, तर बहुधा त्याचें कारण ऊन, पाणी, क्षार किंवा आदल्या दिवशीं केलेली फवारणी यांत सांपडतें. रोगजंतूंची निवड बरीच काटेकोर असते. भेंडीच्या शिरा पिवळ्या करणारा हळद्या रोग शेजारच्या झेंडूकडे ढुंकूनही पाहत नाहीं. उलट दुखणें एका कोपऱ्यांत सुरूं होऊन दिवसेंदिवस पसरत गेलें, तर कांहीं तरी सजीव कारण असावें असा संशय घ्यावा. यासाठीं आजारी झाडाइतकेंच निरोगी झाडही न्याहाळावें लागतें. आमच्या एकवीस डब्यांचें उत्तर उरलेल्या तीन डब्यांच्या बुडाशीं होतें. एकवीस डबे कितीही वेळ पाहिले असते, तरी तें सांपडलें नसतें.

तिसरा प्रश्न असा कीं, पिवळेपणा जुन्या पानांवर आहे कीं नव्या? नत्र कमी पडलें, तर झाड जुन्या पानांतील नत्र काढून कोंवळ्या शेंड्याकडे पाठवितें. म्हणून खालचीं पानें आधीं पिवळीं पडतात. लोहाची गोष्ट निराळी आहे. एका पानांत बसलेलें लोह झाडास दुसरीकडे सहसा हलवितां येत नाहीं. त्यामुळें लोह कमी पडलें तर शेंड्याचीं नवीं पानें पिवळीं होतात व त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडील चुनखडीच्या जमिनींत हें वारंवार दिसतें. तेथें मातींत लोह नसतें असें नव्हे. चुन्याच्या योगानें तें अशा रूपांत अडकून बसतें कीं, मुळांस उचलतां येत नाहीं. आमच्या मोगऱ्याचा शेंडा असाच पिवळा पडला असतां आम्हीं त्यास तीन वेळां युरिया दिला. ज्याला मीठ हवें त्याच्या ताटांत साखर वाढावी, तसा तो प्रकार होता.

चौथा प्रश्न असा कीं, पानाच्या खालच्या बाजूस काय आहे? नवशिका झाडाकडे उभ्यानें पाहतो, म्हणून त्यास पानाची वरची बाजूच दिसते. पुष्कळ किडी तर खालच्या बाजूस राहतात. मिरचीचेंच उदाहरण घेऊं. पानें आकसलीं, वेडींवांकडीं झालीं, कीं आपले शेतकरी त्यास चुरडामुरडा म्हणतात. पण त्या एका नांवाखालीं निरनिराळीं दुखणीं येतात. फुलकिड्यांनीं रस शोषला, तर पानाच्या कडा वरच्या बाजूस वळतात. कोळी जातीच्या सूक्ष्म जीवांनीं रस शोषला, तर कडा खालीं वळून पान उपड्या होडीसारखें दिसतें. पांढऱ्या माशीनें विषाणू आणून सोडला असेल, तर झाड खुरटतें, पानें बारीक राहतात, आणि त्यास बरें करणारें औषध नाहीं. तें उपटून दूर नेऊन नष्ट करावें, हाच उपाय. कोळी हा कीटकच नव्हे. त्यास आठ पाय असतात. कीटकांसाठीं केलेलीं कित्येक औषधें त्यास मारीत नाहींत. उलट त्यास खाणारे उपयोगी जीव मात्र मारतात व कोळी अधिकच माजतो. तेव्हां ‘चुरडामुरड्यावर औषध द्या’ असें दुकानदारास सांगणें म्हणजे ‘पोटांत दुखतें, औषध द्या’ असें वैद्यास सांगण्यासारखें आहे. दहापट मोठें दाखविणारें साधें भिंग शाळेंत असतें; तें प्रयोगशाळेच्या कपाटांतून काढून छायागृहाच्या खांबास दोरीनें बांधून ठेवावें.

पांचवा प्रश्न असा कीं, मातीखालीं काय चाललें आहे? बोट दोन पेरें मातींत घालून ओल पाहिल्याशिवाय पाणी घालूं नये, हा नियम मीं आतां वर्गांत केला आहे. एखादें रोप मरणारच असेल, तर तें फेंकून देण्यापूर्वीं उपटून त्याचीं मुळें धुवून पाहावींत. निरोगी मुळें पांढरट व कणखर असतात. टोमॅटोच्या मुळांवर गांठी दिसल्या, तर सूत्रकृमींचा संशय घ्यावा. पण भुईमूग किंवा घेवडा यांच्या मुळांवर गांठी पाहून घाबरूं नये. त्यांत हवेंतील नत्र झाडास उपयोगी करून देणारे जिवाणू राहतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. जिवाणूंची गांठ मुळाच्या बाजूस चिकटलेली असते व बोटानें सहज सुटते. ती फोडली तर आंत गुलाबी रंग दिसतो. सूत्रकृमीची गांठ म्हणजे खुद्द मूळच फुगलेलें असतें. तें सुटत नाहीं. टोमॅटोचें झाड मातींत ओल असूनही एकाएकीं कोमेजलें, तर मुळाजवळच्या खोडाचा तुकडा कापून कांचेच्या पेल्यांतील स्वच्छ पाण्यांत लोंबता धरावा. कांहीं मिनिटांत दुधासारखा बारीक धागा खालीं उतरूं लागला, तर तो मर रोगाच्या जिवाणूंचा समजावा. आमच्या नववीच्या मुलांनीं तो धागा पाहिला तेव्हां वर्गांत जी शांतता पसरली, ती माझ्या व्याख्यानानें कधींही पसरलेली नाहीं.

या पांच प्रश्नांच्या पाठीमागें एक मोठी शिकवण आहे. ती म्हणजे कारण व परिणाम यांचा विवेक. सभागृहापुढील जास्वंदीवर मुंग्यांची रांग लागली, पानें काजळीसारखीं काळीं झालीं, आणि फांद्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसूं लागला. मुलांनीं मुंग्यांस दोषी ठरवून त्यांच्यावर पावडर टाकली. मुंग्या गेल्या, पुन्हां आल्या. झाडाचें दुखणें तसेंच राहिलें. खरा प्रकार असा होता. तो पांढरा थर म्हणजे पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस पितो व गोड चिकट द्रव बाहेर टाकतो. त्या गोडाच्या लोभानें मुंग्या येतात व पिठ्या ढेकणाचें त्याच्या शत्रूंपासून रक्षणही करतात. त्याच चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते. तीन खुणा, पण मूळ एकच. कारण सांपडल्यावर उपाय साधा निघाला. फार माखलेल्या फांद्या छाटल्या, उरलेल्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारला, साबणाच्या सौम्य पाण्यांत बुडविलेल्या फडक्यानें खोड पुसलें. तीन आठवड्यांत जास्वंदीस कळ्या आल्या.

कारण व परिणाम यांचा हा घोटाळा मुलांचाच होतो असें नाहीं. सन १८४५ मध्यें आयर्लंडांत बटाट्याचें पीक काळें पडून कुजूं लागलें. बटाटा हेंच तेथील गरिबांचें मुख्य अन्न होतें. पुढें कांहीं वर्षें चाललेल्या त्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व निदान तितकींच देश सोडून गेलीं. कुजलेल्या पानांवर पांढरी बुरशी दिसत होती, हें सर्वांस मान्य होतें. जॉन लिंडली यांच्यासारख्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाचें म्हणणें असें कीं, थंड व ओल्या हवेनें झाडांत पाणी फार सांचून तीं कुजलीं, आणि मग कुजलेल्या भागावर बुरशी आली. माइल्स जोसेफ बर्कली नांवाचे एक खेड्यांतील धर्मोपदेशक फावल्या वेळांत सूक्ष्मदर्शकांतून बुरशांचा अभ्यास करीत. त्यांनीं सन १८४६ मध्यें उलट मत मांडलें कीं, बुरशी ही कुजण्याचें कारण आहे, परिणाम नव्हे. पुष्कळांनीं तें मानलें नाहीं. सन १८६१ मध्यें जर्मनींत अँतोन द बारी यांनीं प्रयोगानें दाखवून दिलें कीं, हा जीव निरोगी बटाट्यावर सोडला तर रोग होतो व न सोडला तर होत नाहीं. आज शास्त्रज्ञ त्या जीवास खऱ्या बुरशींत न गणतां निराळ्या गटांत घालतात. पण बर्कली यांचें मुख्य म्हणणें अबाधित राहिलें. या रोगावर चालणारें औषध, म्हणजे मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण, फ्रान्सांत सन १८८५ मध्यें प्रसिद्ध झालें. निदान आधीं आलें व औषध मागाहून आलें, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

आतां माझ्या मताचा जो कडक भाग आहे, त्याकडे वळतों. शाळेच्या बागेंत विषारी औषध नसावें असें मी कां म्हणतों? निदान न करतां मारलेल्या फवारणीनें झाडाचें भलें होत नाहीं, एवढ्यावरच ही गोष्ट थांबत नाहीं. सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले, आणि शेंकडों लोक रुग्णालयांत दाखल झाले. तीं माणसें नवशिकीं नव्हतीं. शेतींत जन्म घालविलेलीं होतीं. तरीही हा अनर्थ झाला. मग तेराचौदा वर्षांच्या मुलांच्या हातीं तीच वस्तु आपण कोणत्या भरंवशावर द्यावी? आमच्या छायागृहांत ज्या दिवशीं ती बाटली उघडली गेली, त्या दिवशीं वारा जाळीमुळें कोंडलेला होता, आणि फवारणाऱ्या मुलाच्या तोंडावर रुमालही नव्हता. त्यास कांहीं झालें नाहीं. हें आमचें भाग्य. आमची अक्कल नव्हे.

औषधाच्या वेष्टनावर चौकोनांत एक रंगीत त्रिकोण असतो. तांबडा रंग अत्यंत विषारी, पिवळा त्याहून कमी, निळा त्याहून कमी व हिरवा सर्वांत कमी, असा त्याचा अर्थ आहे. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. हा अर्थ प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावा, कारण त्याच्या घरीं ती बाटली बहुधा फळीवर आहेच. पण तो अर्थ वर्गांत रिकाम्या वेष्टनाच्या चित्रावरून शिकवावा, बाटलीवरून नव्हे.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांचा, म्हणजे शेतकऱ्यांचा आहे. ते म्हणतात, “गुरुजी, तुमचं निदान होईपर्यंत आमचं पीक हातचं जाईल.” या म्हणण्यांत तथ्य आहे. द्राक्षावरील केवडा किंवा बटाट्यावरील करपा हे ढगाळ व ओल्या हवेंत दोनचार दिवसांत बाग आटोपतात. तेथें बागाइतदार हवामान पाहून रोग दिसण्यापूर्वींच फवारणी करतो. पण तो आंधळेपणानें करतो काय? कोणता रोग, कोणत्या हवेंत, वेलीच्या कोणत्या अवस्थेंत येतो, हें त्यानें वर्षानुवर्षें पाहिलेलें असतें. त्याचें निदान आधींच झालेलें असतें. चोवीस डब्यांच्या मालकास तशी घाईही नसते व तें ज्ञानही नसतें. त्याचें पीक बुडालें तर कोणी उपाशी राहत नाहीं; म्हणून शिकण्याची जागा शेत नसून शाळेची बाग हीच आहे. येथें चुकून शिकलेला मुलगा उद्यां शेतांत कमी चुकेल.

दुसरा आक्षेप खुद्द मुलांचा आहे. मोबाईलवर पानाचें छायाचित्र काढलें कीं रोगाचें नांव सांगणारीं साधनें आतां निघालीं आहेत. मग इतका खटाटोप कशाला? मी या साधनांचा शत्रु नाहीं. पानावरील डागांची ओळख पटविण्यास त्यांचा उपयोग होतो, हें मीं पाहिलें आहे. पण आमच्या त्या रोपांचेंही छायाचित्र एका मुलानें काढलें होतें, आणि ‘नत्राची कमतरता’ असें उत्तर आलें होतें. उत्तर अगदींच खोटें नव्हतें. कुजलेल्या मुळांस नत्र घेतां येत नाहीं, म्हणून पानें पिवळीं पडतातच. परंतु त्या उत्तरावर विसंबूनच आम्हीं युरिया घातला. छायाचित्रांत पान होतें. डब्याचें बूड नव्हतें. यंत्रास आपण जें दाखवितों तेंच तें पाहतें. काय दाखवावें हें ठरविण्यासाठीं डबा उचलणारा हात लागतोच.

तेव्हां करावें काय? आमच्या शाळेंत गेल्या दिवाळीपासून जो परिपाठ सुरूं केला आहे, तो इतरांच्या विचारार्थ मांडतों. प्रत्येक गटाजवळ एक ‘रोगवही’ असते. झाड आजारी दिसलें कीं प्रथम तींत तारीख, झाडाचें नांव, वर सांगितलेल्या पांच प्रश्नांचीं उत्तरें आणि पानाचें हातानें काढलेलें चित्र येतें. चित्र हातानेंच काढावयाचें, कारण चित्र काढतांना डोळा थांबतो. मग कारणाचा तर्क लिहावयाचा, व त्याशेजारीं दुसराही एक संभाव्य तर्क लिहावयाचा. त्यानंतर एका वेळीं एकच बदल करावयाचा. पाणी, खत व जागा हीं तीनही एकदम बदललीं आणि झाड सुधारलें, तर कशानें सुधारलें हें कळत नाहीं. आणि बिघडलें, तरी कळत नाहीं. शक्य तेथें एक आजारी झाड कांहींच न करतां तसेंच ठेवावयाचें. त्याच्याशीं ताडून पाहिल्यावर कित्येक वेळां असें आढळलें कीं, आमच्या उपचाराशिवायही तें तितकेंच सुधारलें होतें. हा धडा वैद्यांसही उपयोगी पडेल.

या वहीस आम्ही गुण देतों, आणि ते झाड जगलें कीं मेलें यावर अवलंबून नसतात. जिचें एकही रोप जगलें नाहीं, पण जिनें प्रत्येक रोपाचें मरण नीट लिहून ठेवलें, अशा एका मुलीस गेल्या सहामाहींत सर्वांत अधिक गुण मिळाले. कांहीं शिक्षकबंधूंस हें विचित्र वाटलें. मला वाटतें, हाच या सर्व खटाटोपांतील मुख्य लाभ आहे. जेथें फक्त हिरव्या झाडासच गुण मिळतात, तेथें मुलें मेलेलें झाड रातोरात बदलून ठेवतात. तोही अनुभव आम्हांस आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचें नांव मराठी मुलांस वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळें घरच्यासारखें झालें आहे. गुलामगिरींत जन्मलेल्या या मुलास लहानपणींच शेजारचे लोक ‘झाडांचा डॉक्टर’ म्हणत व आपलीं आजारी झाडें त्याच्याकडे आणून देत. त्या वयांत त्याच्यापाशीं ना औषधें होतीं ना शाळा. पाहण्याची शक्ति व पाहत राहण्याचा धीर, एवढेंच त्याचें भांडवल होतें. तें भांडवल गरीबांतल्या गरीब मुलासही मिळण्यासारखें आहे.

शेवटीं स्वतःविषयीं एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. तो फळ्यावरील मजकूर नेहमीं चुकीचा उतरून घेई. मीं त्यास आळशी ठरविलें व शिक्षा म्हणून रोज आणखी दोन पानें उतरून आणावयास लावलीं. चुका वाढल्या, म्हणून मीं पानें वाढविलीं. दोन महिन्यांनीं त्याच्या आईनें त्यास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां कळलें कीं, त्यास मागच्या बांकावरून फळाच धड दिसत नव्हता. चष्मा लागल्यावर त्याचा आळस एका दिवसांत नाहींसा झाला. त्या मुलीनें गेल्या वर्षीं मला हांक मारून डब्याचें बूड दाखविलें, तेव्हां मला टोमॅटोआधीं तो मुलगा आठवला. मीं त्यासही असेंच पाणी घातलें होतें.

या वर्षीं लावणी करण्यापूर्वीं त्याच मुलीनें एक मोठा खिळा व हातोडी घेऊन सर्व डब्यांस प्रत्येकीं पांच भोंकें पाडलीं. टोमॅटोस फळें धरलीं आहेत. त्यांतील कांहींच्या तळाशीं काळा, खोलगट डाग दिसूं लागला आहे. मुलें म्हणतात, रोग आला. मी म्हणालों, “वही आणा, गेल्या पंधरा दिवसांत पाणी कोणत्या दिवशीं घातलें व कोणत्या दिवशीं चुकलें, तें आधीं पाहूं.”